मशीनसमोरचा पाट

आमच्या मागच्या पडवीत धुण्याचं मशीन आहे आणि त्या मशीनसमोर चार वर्षं एक पाट होता. फणसाचा, जाड, कोपऱ्यांत पितळी फुल्या ठोकलेला. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा पहिल्या जेवणाला मला त्याच पाटावर बसवलं होतं. पुढे टेबलखुर्च्या आल्या आणि पाट माळ्यावर गेला. तो खाली काढला मीच. कारण पाटावर उभं राहून मशीनला हात लावला की काही होत नसे, आणि अनवाणी फरशीवर उभं राहून लावला की कोपरापर्यंत झिणझिण्या येत.

घरात सगळ्यांना ते अंगवळणी पडलं होतं. एखादी पाहुणी कपडे टाकायला मागे गेली की सासूबाई स्वयंपाकघरातून ओरडायच्या, "पाटावरून गो!" ती दचकायची आणि आम्ही हसायचो. हसणाऱ्यांत मीही असायचे. आणि मी कोण, तर माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवणारी बाई. दरवर्षी फळ्यावर तीन पिनांचा प्लग काढते, वरची पिन जाड आणि लांब का असते ते मुलांना विचारते आणि बरोबर उत्तर देणाऱ्याला शाबासकी देते. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ते हेच. त्यामुळे मला जो राग येतो त्यातला अर्धा माझ्यावरचा आहे, हे आधीच सांगून टाकते. उरलेला अर्धा एका वायरमनवर आहे आणि त्यातला एक कणही मी कमी करणार नाही.

आमचं घर रत्नागिरी शहराबाहेर, सड्याच्या, म्हणजे उघड्या कातळाच्या माळाच्या कडेला. जांभ्या चिऱ्याचं. वर दोन खोल्या चढवल्या तेव्हा सगळं वायरिंग नवीन करायचं ठरलं. नवरा लोट्याला कंपनीत, शिफ्टची नोकरी. आठवड्याच्या सुट्टीला तेवढा घरी येतो. एरवी घरात मी आणि सासूबाई. वायरमन नवऱ्याने ठरवला. त्याचा शाळेतला वर्गमित्र. "आपला माणूस आहे," नवरा म्हणाला, आणि या तीन शब्दांपुढे आमच्याकडे कुणाचं काही चालत नाही. आपल्या माणसाला किती खोल खणलंस असं विचारायचं नसतं. आपल्या माणसाने केलेलं काम दुसऱ्याकडून तपासून घेणं म्हणजे तर त्याच्या तोंडावर थुंकणंच.

शिवाय इथे वायरमन मिळणं हेच मोठं भाग्य. ज्याने बोलावलाय त्याला माहीत आहे. "आत्ता निघालोच" म्हणजे त्याची आंघोळ व्हायची आहे. "वाटेत हाय" म्हणजे निघायचं मनात आलेलं आहे. आणि गणपतीच्या आधीच्या महिन्यात, मुंबईकर यायच्या अगोदर प्रत्येकाला पडवीत नवा पंखा हवा असतो तेव्हा, वायरमनचा फोन लागला तर लोक शेजाऱ्याला हाक मारून सांगतात. हा मात्र बोलावलं की यायचा. तेवढ्यावर आम्ही खूश होतो.

काम चालू असताना मी शाळेत. संध्याकाळी येऊन काही विचारलं की तो म्हणायचा, "तो कदी येतोय, वयनी?" तो म्हणजे माझा नवरा. बोर्ड कुठे हवा, गिझरची वायर किती जाडीची घातलीत, मी विचारायचे आणि हा माझ्या नवऱ्याची वाट बघायचा. एक दिवस शाळेतून आले तर मागच्या अंगणात तुळशीच्या पलीकडे अर्थिंगचा खड्डा तयार. सकाळी तिथे काहीच नव्हतं. आता जमिनीतून वीतभर वर आलेला पाइप, पाइपात नरसाळं, भोवती सिमेंटची चौकट, वर झाकण. इतकं देखणं की शेजारच्या बाई बघून गेल्या.

"किती खोल गेलात?" मी विचारलं.

"भरपूर," तो म्हणाला.

मुलांनी उत्तराला एकक लिहिलं नाही तर मी अर्धा गुण कापते. आणि मी "भरपूर" ऐकून घेतलं.

अर्थिंग म्हणजे यंत्रात कुठे वीज गळली तर ती माणसाच्या अंगातून न जाता तारेने जमिनीत जावी, ही सोय. त्यासाठी पाइप खोल जावा लागतो आणि जमिनीत ओल लागते. आमच्या जांभ्यात उन्हाळ्यात ओल कुठली? म्हणून इकडे वायरमन जाताना सांगून जातात की पाइपात पाणी घालत जा. यानेही सांगितलं. मला नाही, सासूबाईंना. "काकी, रोज तांब्याभर पानी घालायचं. मे म्हयन्यात मूठभर मीठबी टाका. घराची राखन हाय ती."

घराची राखण म्हटल्यावर सासूबाईंनी ते देवाच्या कामासारखं धरलं. संध्याकाळी तुळशीपुढे दिवा लावायचा आणि तिथूनच चार पावलं जाऊन पाइपात तांब्या ओतायचा. पावसाळ्याचे चार महिने सुट्टी, एरवी एक दिवस खंड नाही. मे महिन्यात विहीर तळाला जायची, आम्ही दोघी एका बादलीत आंघोळ उरकायचो, पण पाइपाचा तांब्या चुकला नाही. अंगात ताप असताना मला अंथरुणातून हाक मारून विचारायच्या, "खड्ड्याला घातलंस ना गो?"

मशीन त्यानंतर दोन महिन्यांनी आलं आणि पहिल्याच आठवड्यात सासूबाईंना झिणझिण्या आल्या. मी वायरमनला बोलावलं. आला, टेस्टर लावला. टेस्टरचा दिवा लागला. मंद, पण लागला. मी माझ्या डोळ्यांनी बघितला.

"तेवडं येतंच, वयनी," तो म्हणाला. "जांब्याची जमीन हाय. चपला घालून वापरा."

आमच्या घरात चपला उंबऱ्याबाहेर राहतात. सासूबाईंनी उभ्या जन्मात घरात चपला घातलेल्या नाहीत, आणि कुणाला घालू दिलेल्या नाहीत. त्या म्हणाल्या, मग मला नको ते मशीन, मी दगडावर धुते. त्यांचे गुडघे गेलेले, वय पंचाहत्तरच्या पुढे. मी माळ्यावरून पाट काढला, पुसला आणि मशीनसमोर ठेवला. त्यावर स्वतः उभी राहिले, मशीनला हात लावून दाखवला आणि म्हणाले, "बघा. काही होत नाही."

हे माझे शब्द. दुसऱ्या कुणाचे नाहीत.

नवऱ्याला फोनवर सांगितलं, दुसऱ्या कुणाला तरी दाखवूया. तो म्हणाला, "त्याला कळलं तर वाईट वाटेल. बोलावलं की येतो तरी तो." त्याला वाईट वाटू नये म्हणून आम्ही चार वर्षं पाटावर उभ्या राहिलो.

मग यंदा शिमगा झाल्यावर राजापूरला सासूबाईंच्या बहिणीच्या नातीचं लग्न निघालं. त्या तीन दिवस गेल्या. जाताना एसटीत चढेपर्यंत मला बजावत होत्या, तुळशीला घाल, खड्ड्याला घाल. तुळशीला मी घातलं. खड्ड्याचं विसरले. पेपर तपासायचे होते, दुसरं कारण नाही. त्या आल्या, आणि आल्या आल्या नरसाळं कोरडं आहे हे त्यांनी बघितलं. त्या दिवशी अंधार पडला होता, म्हणून पाणी दुसऱ्या दिवसावर गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेचा डबा भरत होते. तीन दिवस पडवी नीट धुतली नव्हती, म्हणून त्यांनी पाणी मारून फरशी धुतली. पाट उचलून उन्हाला लावला. मशीन चालू होतं. ते थांबल्यावर कपडे काढायला त्यांनी झाकणाला हात घातला, ओल्या फरशीवर, अनवाणी.

किंकाळी नाही ऐकली मी. धप्प असा आवाज ऐकला. धावत गेले तर त्या धुण्याच्या दगडाशी पडलेल्या, उजवा हात अंगाखाली. मी आधी भिंतीवरचं बटण बंद केलं आणि मगच त्यांना हात लावला. तेवढी विद्या कामाला आली. तेवढीच.

मनगट मोडलं होतं. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कशाने पडलात? सासूबाई म्हणाल्या, "पाय घसरला." मी तोंड उघडलं तर त्यांनी डाव्या हाताने माझा पदर ओढला. बाहेर बाकावर बसल्यावर माझ्या कानाशी आल्या आणि हळूच, चोरी केलेल्या पोरीसारख्या म्हणाल्या, "माझंच चुकलं गो. तीन दिवस खड्ड्याला पानी घातलं न्हाय मी."

मला इतका संताप आला की त्या बाकावर मला बसवेना. कोणावरचा संताप, हे तेव्हा कळत नव्हतं. मोडलेला हात छातीशी धरून ती म्हातारी माझी माफी मागत होती. पाणी घालायला विसरले होते मी!

त्याच आठवड्यात मी दुसरा वायरमन शोधला. नवऱ्याला विचारलं नाही. आमच्या शाळेच्या शिपायाने पत्ता दिला. लोट्याच्या एका कारखान्यात जन्मभर विजेचं काम करून निवृत्त झालेले एक वयस्कर गृहस्थ. कमी बोलणारे. आले, आणि घरात कोण पुरुष आहे हे न विचारता त्यांनी विचारलं, "खड्डा कुठाय बाई?" मी त्यांना मागे नेलं. त्यांनी झाकण काढलं, नरसाळं बाजूला ठेवलं, पाइपाला हात घालून जरा हलवला, आणि माझ्याकडे बघितलं. मग दोन्ही हातांनी धरून ओढला.

पाइप मुळ्यासारखा उपटून हातात आला. जमिनीखालचा भाग दीड फूटही भरला नाही. खाली साफ कातळ. पाइपाला तार नव्हती. तार जोडल्याची खूणसुद्धा नव्हती. आत जाऊन त्यांनी मेन बोर्ड उघडला. घरभरातून येणारी अर्थिंगची हिरवी वायर तिथपर्यंत आली होती आणि तिथेच तिचं टोक दुमडून, टेप गुंडाळून मागे खुपसून ठेवलं होतं.

मशीनच्या आतली एक वायर उंदराने हल्लीच कुरतडलेली निघाली. अर्थिंग असतं तर मेन स्विच पडला असता आणि कुणाला काही झालं नसतं, हे त्यांनी मला समजावून सांगितलं. मी मान डोलवत राहिले. हे मी दरवर्षी शिकवते, असं त्यांना सांगायची मला हिंमत झाली नाही.

"आजींना सांगू नका," ते जाताना म्हणाले. पण आजी दारात उभ्या होत्या. त्यांनी पाइप बघितला होता. त्या अंगणातल्या भोकाजवळ गेल्या, वाकून आत बघितलं आणि घरात आल्या. त्या संध्याकाळी तुळशीपुढे दिवा मी लावला.

रविवारी मी आमच्या आपल्या माणसाला फोन केला. मशीन बिघडलंय म्हटलं. तासाभरात हजर. उंबऱ्याबाहेर चपला काढून आत आला, खुर्चीत बसला. सासूबाईंच्या गळ्यात अडकवलेला हात बघून म्हणाला, "काय वो काकी, पडलात?" सासूबाई म्हणाल्या, "पानी दे गो त्याला." मी पाणी दिलं नाही. टीपॉयवर त्याच्यासमोर पाइप ठेवला.

तो पाइपाकडे बघत राहिला.

"कातळ लागला वो वयनी," शेवटी म्हणाला. "दीड फुटाला कातळ. कातळ कोन फोडनार?"

"मग सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तं दुसरीकडं खनायला लागलं असतं. घरभरनी चार दिवसांवर आलेली. तोच मागं लागलेला, लवकर कर, लवकर कर."

"आणि वायर?"

"खाली खड्डाच न्हाय तं वायर जोडून काय उपेग?"

असं अगदी सरळ, हिशेबात चूक नसल्यासारखं बोलला. मी पाइप उचलून त्याच्यापुढे धरला. "मग पाणी कशाला घालायला सांगितलंत? चार वर्षं ही बाई त्या नळकांड्यात पाणी ओततेय. विहीर आटली तरी ओततेय. कशाला सांगितलंत?"

त्याला हा प्रश्न खरंच कळला नाही. तो गोंधळला. "पानी तं मी सगल्यांनाच सांगतो," म्हणाला.

सगळ्यांनाच! आसपासच्या किती अंगणांत संध्याकाळी किती बायका तांब्या घेऊन उभ्या असतील, ते माझ्या डोळ्यांसमोर आलं. मी ओरडायला लागले. निर्लज्ज म्हटलं, खुनी म्हटलं. तो उठून उभा राहिला. त्याला माझा राग आला नव्हता, नुसता कंटाळा आला होता. "चार वर्षांत काय झालं का पन वयनी? मशीनला तेवडं येतंच," तो म्हणाला.

तेव्हा सासूबाई उठल्या.

"चल मागं," त्या त्याला म्हणाल्या.

तो त्यांच्या मागून पडवीत गेला, मीही गेले. त्यांनी डाव्या हाताने बादलीतला तांब्या भरला आणि मशीनसमोर फरशीवर ओतला. आणखी एक ओतला. पाट परत जागेवर आला होता, तो त्यांनी पायाने बाजूला सारला. पाटाला चुकून पाय लागला तरी वाकून नमस्कार करणारी ही बाई. मग त्यांनी मशीनचा प्लग खोचला आणि बटण दाबलं.

"तेवडं येतंच ना रं?" त्या म्हणाल्या. "मंग लाव हात."

तो उभा. मशीनकडे बघितलं, फरशीवरच्या पाण्याकडे बघितलं, मग स्वतःच्या अनवाणी पायांकडे. मी त्याला थांबवणार नव्हते. उद्या कोर्टात विचारलं तरी हेच सांगेन की मी त्याला थांबवणार नव्हते.

"थांबा," तो म्हणाला, "चपला घालून येतो."

"आमच्या घरात चपला घालून कोन येतं रं?" सासूबाईंनी विचारलं.

तो पुढच्या दाराकडे गेला. चपला घातल्या आणि तसाच फाटकाबाहेर पडला. मी त्याच्यामागे फाटकापर्यंत गेले आणि शाळेतल्या बाईला शोभणार नाहीत असे शब्द सगळ्या आळीला ऐकू जातील असे वापरले. त्याने वळूनसुद्धा बघितलं नाही. मोटारसायकलला किक मारली आणि गेला.

परत आले तर मशीनचं बटण बंद होतं आणि सासूबाई पडवीच्या पायरीवर बसल्या होत्या. मी अजून तावातावाने बोलतच होते, पोलिसांत जाते, वर्तमानपत्रात देते, नवऱ्याला आज सुट्टी टाकून बोलावते. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "तू ह्येच शिकवतेस ना गो शाळेत?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला उत्तर देता आलं असतं.

नवीन खड्डा विहिरीजवळ झाला, जिथे माती खोल आहे. वयस्कर वायरमन दोन दिवस माणसं लावून पुरुषभर उंचीपेक्षाही खोल गेले. कोळसा, मीठ, जाड तांब्याची पट्टी, सगळं त्यांनी मला उभं करून दाखवलं. किती फूट, ते मी टेप लावून मोजलं. मेन बोर्डात एक नवा स्विच बसवला, वीज गळली तर आपोआप पडणारा. मशीनची वायर बदलली. जुना पाइप मी भंगारात दिलेला नाही. मेन बोर्डाखाली उभा करून ठेवला आहे, आणि नवरा आला की त्याच्याकडे बघायचं टाळतो. पाणी अधूनमधून घातलं तरी पुरे, असं वयस्कर वायरमन म्हणाले होते. ते मी घालते. सासूबाईंनी तो तांब्या पुन्हा हातात घेतला नाही, मीही सांगितलं नाही.

काम पुरं झालं त्या संध्याकाळी मी सासूबाईंना मागच्या पडवीत बोलावलं. त्यांच्या हाताला अजून प्लास्टर होतं. मी फरशीवर पाणी ओतलं, मशीन चालू केलं, ओल्या फरशीवर अनवाणी उभी राहिले आणि मशीनवर दोन्ही तळवे टेकले. काहीच नाही. मुंगीसुद्धा चावली नाही.

"बघा," मी म्हणाले. "काही होत नाही."

त्या भिंतीशी गेल्या, उभा करून ठेवलेला पाट डाव्या हाताने ओढत आणला आणि माझ्या पायांपाशी ठेवला.

"अहो, आता गरज नाही त्याची!" मी चिडून म्हणाले. "मी सांगतेय ना!"

"तवाबी तूच सांगितलंवतंस," त्या म्हणाल्या. "चढ."

मी पाटावर चढले.